सहाव्या डब्यातला माणूस

मनोरमेनं अंधारात त्यांचं मनगट धरलं आणि गोपीनाथ सावे यांना पडद्यावरचं काही दिसेनासं झालं. चार वर्षांत तिनं आपणहून त्यांना हात लावला नव्हता. पाण्याचा तांब्या द्यायची तोसुद्धा खाली ठेवून, आणि मग ते उचलायचे. आता तिच्या काचेच्या दोन बांगड्या त्यांच्या मनगटाच्या हाडावर रुतत होत्या आणि ती पडद्याकडे बघत होती. तिथे बांधावरून एक पोरगा चालत येत होता. कमरेला तलवार, काखेत पानांसकट एक पांढरा मुळा. दहा मिनिटांपूर्वीच त्याला सगळ्यांनी मरताना पाहिलं होतं. बोरूच्या रानात दोघं एकमेकांसमोर उभे राहिले होते, किती वेळ ते देवाला ठाऊक, नुसता वारा हलत होता, आणि मग एकदम त्या पोराच्या मानेतून काळी चिळकांडी उडाली होती. सगळा आवाज बंद झाला होता. चित्र उलटं झालं होतं, काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं, आणि रक्त दुधासारखं बोरूच्या पात्यांवरून ओघळत होतं. मग दिवे लागले. रुस्तमशेठच्या टॉकीजमध्ये मशीन एकच, त्यामुळे दर रिळानंतर दिवे लागायचे, लोक खोकायचे, बिड्या ओढून यायचे. आणि पुन्हा अंधार झाला तो हा, बांधावरून येणारा. आईच्या दारात उकिडवा बसून तो मुळा कराकरा खायला लागला. मनोरमा एवढंच म्हणाली, "आला."

हा जपानी तलवारबाजांचा सिनेमा डहाणूला आला कसा, हाच खरं तर एक चमत्कार. कोसबाडच्या शाळेतल्या वासंतीबाईंनी चित्रमंडळ काढलं होतं, चौतीस सभासदांचं. मुंबईच्या कुठल्याशा मंडळींकडून त्या डबे मागवायच्या. डबे रेल्वेनं येत आणि रेल्वेचे पार्सल क्लार्क सावे, त्यामुळे सावेही सभासद झाले होते. डहाणूत त्यांना पार्सल क्लार्क म्हणून कोणी ओळखत नसे. ते सावेबुवा होते. महादेवाच्या देवळात दर रविवारी पाच वाजता कीर्तन. चिंचणीपासून तलासरीपर्यंत कुठे उत्सव असला की चिपळ्या पिशवीत घालून हजर. सिनेमाला ते पुढच्या बाकावर बसत. मनोरमेला आज, रविवारी सकाळी, वासंतीबाईंनी जवळजवळ ओढूनच आणलं होतं. "वहिनी, गोष्ट कळायलाच पाहिजे असं नाही हो, नुसतं बघा," असं म्हणत. आणि मनोरमेनं बघितलं होतं. चांगलं मनगट धरून बघितलं होतं.

सुटल्यावर टॉकीजच्या पायऱ्यांवर जे झालं ते बुवांना पुढं कितीतरी दिवस आठवत राहिलं. सिनेमा बरा होता की वाईट यावर माणसं अशी भांडू शकतात हे त्यांना माहीत नव्हतं. स्टेशनमास्तर पाटणकर चौथ्या रिळालाच उठून बाहेर आले होते आणि रागानं लाल होऊन बाकीच्यांची वाट बघत उभे होते. "बायाबापड्यांसमोर ही कत्तल? शीर उडतंय, आतडी लोंबताहेत, याला कला म्हणायचं? आणि बुवा, तुमच्यासारखा देवमाणूस पुढच्या बाकावर!" रुस्तमशेठ दोन्ही हात वर करून म्हणाले, "अरे सावेबुवा, आ शुं लाव्या तमे? हे काय आणला? दोन माणूस समोरासमोर उभा. बोलते नाय, हलते नाय. मी समजला मशीन बंद पडला! धावत वर गेला, तर ऑपरेटर बोलते, शेठ, पिक्चरच असा हाय." गावातले डॉक्टर हसले. बँकेतला एक तरुण मात्र तावातावानं म्हणाला की असं चित्र त्यानं जन्मात पाहिलं नाही. "मेलेला माणूस काहीही न सांगता परत चालत येतो, स्वप्न नाही, भूत नाही, सरळ मुळा खातो, हीच तर गंमत आहे." "गंमत कसली," पाटणकर म्हणाले, "मेलेला परत येतो म्हणजे दिग्दर्शकाचं डोकं फिरलंय." वासंतीबाई कुणाशीच भांडल्या नाहीत. त्यांचे डोळे लाल होते. त्या म्हणाल्या, "मी घरी जाऊन लिहिते यावर."

 बुवांच्या डोक्यात एक वेगळंच चाललं होतं. हेच पाटणकर, उखळाच्या आख्यानाला सगळ्यांत जास्त रडणारे. त्यात तर आई आपल्या पोटच्या पोराचं शीर उखळात घालून कांडते, दारी आलेल्या अतिथीसाठी, आणि कांडताना अंगाई गाते. बुवा ती अंगाई अशी म्हणत की बायका पदराचा बोळा तोंडात धरत, आणि पाटणकर उपरण्यानं डोळे पुसत म्हणत, वा बुवा, डोळ्यांसमोर उभं केलंत! तिथलं रक्त कुणाला बोचत नसे. कारण पुढं अतिथी म्हणतो, आता बाळाला हाक मार. आणि इथे डहाणू-तलासरीकडे एक रीत पडली होती. कुणी पाडली ते कुणालाच सांगता येणार नाही. ती हाक बुवा एकट्यानं मारत नसत. सगळ्या बायका मिळून मारत. तीन वेळा. "बाळाऽ, ये रे!" म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, वेशीवरून मीठ विकायला आलेल्या, भिंतीशी टेकून उभ्या असलेल्या, सगळ्या. तिसऱ्या हाकेला बुवा चिपळ्या वर करत आणि बाळ अंगणातून धावत येई.

आणि तसंच चार वर्षांमागं तलासरीला झालं होतं. उत्सवाचं शेवटचं कीर्तन. त्यांचा मुलगा मोहन तेव्हा अच्छाडच्या नाक्यावर नवा लागलेला, ट्रकांचे कागद तपासायला. एकवीस वर्षांचं पोर. बायकांनी दुसरी हाक मारली तेव्हा बुवांना देवळाच्या फाटकात सायकल टेकवून उभा असलेला नाक्यावरचा शिपाई दिसला. त्याची टोपी हातात होती. टोपी हातात घेतलेल्या माणसाला विचारायचं काही शिल्लक नसतं. तिसरी हाक झाली. बायकांत मनोरमेचाही आवाज होता, तिचा आवाज त्यांना हजारांत कळायचा. आणि बुवांनी चिपळ्या वर केल्या. बाळ धावत आणलं. आईच्या गळ्यात पडलं. फुलं उधळली, आरती केली. सात मिनिटं. पुढं त्यांनी कितीदा तरी मनात मोजली, सातच. आरतीचं तबक खाली ठेवल्यावर शिपाई पुढं आला आणि मोहन गेल्याचं सांगितलं. ते का थांबले नाहीत? पोर उखळात ठेवून आख्यान सोडता येत नाही, असं ते लोकांना सांगत. खरं एवढंच होतं की जोवर ते गात होते तोवर मोहनला काही झालेलं नव्हतं. हे त्यांनी मनोरमेला कधी सांगितलं नाही. तिला शिपायाकडूनच कळलं की बुवांनी त्याला पाहिलं होतं. तेराव्या दिवशी ती एकच वाक्य बोलली होती. "तुम्ही पोर परत आणलंत. दुसरीचं." त्यानंतर ती कीर्तनाला आली नाही आणि बुवांनीही ते आख्यान पुन्हा लावलं नाही.

टॉकीजवरून घरी येताना बाजारातून ती त्यांच्या बरोबरीनं चालली, दोन पावलं मागं नाही. चिकूच्या टोपल्यांपाशी थांबली, दोन चिकू दाबून पाहिले, घेतले. घराच्या दारात कुलूप काढता काढता, पाठमोरीच, म्हणाली, "आज ते उखळाचं लावा. मी येते."

बुवांना वाटलं, इथेच ओट्यावर बसून रडावं. देवा, म्हणजे हे असं असतं तर. आपण चार वर्षं अभंगातून, ओव्यांतून, हात जोडून जे मागत होतो ते तू एका परक्या मुलखाच्या, परक्या भाषेतल्या, रक्तानं बरबटलेल्या सिनेमातून पाठवलंस. मनोरमेच्या पाठीकडे बघत ते मनातल्या मनात त्या जपानी पोराला नमस्कार करत होते. जेवण झाल्यावर ते हलक्या पावलानं स्टेशनवर गेले. रविवार असला तरी चारच्या गाडीनं डबे परत लावायचे होते.

पार्सल ऑफिसात हाल्या पेटीवर बसून विडी ओढत होता. हाल्या इथला हमाल, वारल्यांच्या पाड्यातला, चाळिशीचा. डबे उतरवायचे, टॉकीजवर पोचवायचे, परत आणायचे, हे काम त्याचं, आणि त्याबद्दल ऑपरेटर त्याला वर मशीनपाशी बसून फुकट सिनेमा पाहू देई. बुवांना बघून तो हसला.

"पाह्यलं ना बुवा? त्या म्हाताऱ्या तलवारवाल्यानं पोराला मारला, आन मंग शेतातल्या पाण्यात हात धुतलं. चांगलं चोळून. मला तेवढाच आवडला. बाकी लई उभं राहतात."

"आणि पोरगा परत आला ते?"

"परत कुठला येतो?" हाल्यानं विडी चपलेखाली विझवली. "डबं उलटं लागलं. यो चेपलेला डबा पाचवा ना? यात काय हाये पाहा की."

बुवांनी झाकण काढलं. आतल्या रिळाच्या लोखंडी चकतीवर पिवळ्या रंगात सहाचा आकडा होता. त्यांनी दुसरा डबा उघडला. पाच.

"ऑपरेटर डब्यावरला आकडा पाहतो," हाल्या म्हणाला. "चकतीवरला कशाला पाहंल तो? आन डबं कोणी उघडलं, ते मला नका इचारू. शनवारी तुमीच खिडकीत धरून बसलं होतं. मी म्हनलं पन, बुवा, साहेब येल."

शनिवार. हो. दुपारची गाडी गेली होती, ऑफिसात कोणी नव्हतं, आणि पेटीची दोरी सैल झाली होती. सील लावलेलं पार्सल उघडायचं नसतं, हा नियम त्यांनी एकोणीस वर्षं दुसऱ्यांना शिकवला होता. पण त्यांना बघायचं होतं, माणूस त्या पट्टीत बसतो तरी कसा. दोन डब्यांतल्या पट्ट्या त्यांनी खिडकीच्या उजेडात धरल्या होत्या. एकच माणूस, एकाखाली एक, शंभर वेळा, प्रत्येकात केसाएवढा पुढं सरकलेला. माळेतल्या मण्यांसारखा. त्यांचे डोळे पाणावले होते, इतकं ते त्यांना देवाचं काम वाटलं होतं. मग पाटणकरांच्या बुटांचा आवाज आला आणि त्यांनी गडबडीनं चकत्या डब्यांत टाकल्या, झाकणं दाबली.

म्हणजे पोरगा आधी घरी येतो. बांधावरून, काखेत मुळा. आईच्या दारात बसून खातो. मग निघतो, आणि बोरूच्या रानात मरतो. परत कोणी आलेलं नाही.

त्यांनी चकत्या आपापल्या डब्यांत ठेवल्या. झाकणं बसली. एवढं केलं की संपलं. हाल्या कुणाला सांगणार नव्हता, आणि सांगितलं तरी कोण ऐकणार. घरी मनोरमा आज कपाटातून जांभळं लुगडं काढत असेल. चार वर्षांनी. तिला काय सांगायचं, की तू माझं मनगट धरलंस त्याचं कारण मी आणि माझे घाबरट हात? चाळीस वर्षं गादीवर उभं राहून बाळ धावत आणलंच ना आपण? ते कुठे खरं होतं? मग हे का नको? एक गोड चूक देवानंच करवली म्हणावं. बुवांनी दोरीची गाठ मारली. गाठ मारता मारता त्यांना फाटकातली ती सायकल दिसली, हातातली टोपी दिसली. ठाऊक असूनही गात राहिलो होतो. सात मिनिटं. आता ठाऊक असून सात वर्षं गायचं? त्यांचे हात थांबले. नाही. आज नाही. त्यांनी टाक घेतला आणि पार्सलच्या पावतीवर शेऱ्याच्या जागी स्वच्छ अक्षरात लिहिलं: डबे क्रमांक पाच व सहा माझ्याकडून उघडले गेले व आतील चकत्यांची अदलाबदल झाली. खाली सही केली. उद्या पाटणकर काय करायचं ते करतील.

सहीला वासंतीबाई आल्या तेव्हा त्यांनी तो शेरा दोनदा वाचला आणि बाकावर बसल्या. "बुवा, मी जेवण सोडून दोन पानं लिहिली आहेत. दिग्दर्शकानं काळ कसा वाकवलाय म्हणून."

"काळ मी वाकवला, बाई. घाबरून."

त्या आधी चिडल्या, मग पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, आणि हसता हसता एकदम थांबून म्हणाल्या, "वहिनींना सांगणार आहात?"

"आत्ता जातोय."

"आजचा दिवस जाऊ द्या, बुवा. मी पाहिलंय त्यांच्याकडे अंधारात. ऐका माझं."

"म्हणूनच जातोय," बुवा म्हणाले आणि चपला घालून निघाले.

मनोरमा खरोखरच जांभळं लुगडं नेसली होती. अंगणात बसून कण्हेरीच्या फुलांची माळ करत होती, कीर्तनाच्या मध्यंतरात बुवांच्या गळ्यात घालतात ती. बुवा समोर जमिनीवरच बसले, चपला न काढता, आणि एका दमात सांगून टाकलं. खिडकी, पट्ट्या, बूट, झाकणं. "तो परत आला नाही. तो आधीचा होता."

तिची सुई थांबली. कितीतरी वेळ ती तशीच. पडद्यावरची दोन माणसं आठवून बुवांना वाटलं, आता चिळकांडी उडणार. त्यांनी मान खाली घातली नाही.

"नीट सांगा," ती म्हणाली. "पहिल्यापासून. कसं आहे ते कसं."

त्यांनी सांगितलं. पोर बांधावरून येतं. आईच्या दारात उकिडवं बसतं. मुळा खातं. आई आतून काहीतरी आणून देते, तेही खातं. तोंड पुसतं. उठतं. बोरूच्या रानात म्हातारा वाट बघत असतो.

"म्हणजे जेवून गेला होता," मनोरमा म्हणाली.

बुवांना आधी कळलंच नाही ती कुणाबद्दल बोलतेय.

"त्या दिवशी बारा वाजता आला होता तलासरीला, आपण उतरलो होतो तिथे. तुम्ही देवळात पेटी लावून घेत होतात. मी वालाचं बिरडं केलं होतं, तांदळाच्या भाकऱ्या. उभ्यानंच खायला लागला, म्हटलं, बस रे मेल्या. तर दारातच बसला. तीन खाल्ल्या. चौथी कागदात बांधून दे म्हणाला." ती सुईकडे बघत होती. "चार वर्षं मला ते आठवलंच नव्हतं हो. नुसती ती हाक. उठता बसता ती हाक."

"मनोरमा, त्या दिवशी मी गात राहिलो ते…"

"जा तुम्ही. पाच वाजत आले."

येते की येत नाही, ते तिनं सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

देवळात शंभरेक माणूस होतं. पाटणकर पुढं बसले होते, सकाळचा राग घरी ठेवून. मागच्या खांबाला टेकून हाल्या उभा. बुवांनी नमन केलं, अभंग घेतला, निरूपण केलं. मध्यंतरात कुणीतरी झेंडूचा हार घातला. बायकांच्या बाजूला ते बघत नव्हते. मग त्यांनी उखळाचं आख्यान लावलं आणि सभेत सळसळ झाली, चार वर्षांनी! अंगाई त्यांनी कधी म्हटली नव्हती तशी म्हटली, हळू, जवळजवळ बोलल्यासारखी. अतिथी म्हणाला, आता हाक मार. आणि बायकांनी मारली. "बाळाऽ, ये रे!" एकदा. दोनदा. तीनदा.

बुवांनी चिपळ्या वर केल्या नाहीत.

पेटीवाल्यानं सूर धरून ठेवला होता, त्याला त्यांनी हातानं थांबवलं. मृदंग थांबला. ते तसेच उभे राहिले, हात खाली सोडून. देवळात वाऱ्याचा आवाज ऐकू यायला लागला. लोक आधी वाट बघत होते, मग एकमेकांकडे बघायला लागले. आणि मग बायकांतून, सगळ्यांच्या मागून, उशिरानं, एकच आवाज आला. मोठा नाही. घरातून अंगणात मारतात तेवढा.

"मोहन."

फाटकात कोणी नव्हतं. बुवा तिकडे पुरतं वळून बघत राहिले. या वेळी त्यांनी डोळे काढून घेतले नाहीत.

"आला नाही," ते म्हणाले. गाण्याचा आवाज नव्हता तो. "मायबापहो, त्या दिवशी फाटकात माणूस उभा होता. मी पाहिला होता. मला कळलं होतं, तरी मी गात राहिलो. माझं पोर जायला नको म्हणून गात राहिलो. पोर गेलं होतं. पण जेवून गेलं होतं. आईच्या हातच्या तीन भाकऱ्या खाऊन, दारात बसून. देवानं एवढं दिलं. मी ते चार वर्षं घेतलंच नाही. आता घेतो." आणि त्यांनी चिपळ्या उचलल्या आणि नामाचा गजर असा धरला की मृदंगवाल्याला गाठताना घाम फुटला.

आरतीनंतर रीतीप्रमाणे लोक पाया पडायला रांगेत आले. सकाळच्या पायऱ्यांसारखंच झालं होतं. पाटणकर नमस्कार न करताच चपला शोधत होते; "आख्यान अर्धं सोडतात का कुठे," असं पुटपुटत. पुन्हा मागं वळून आले, वाकले, आणि गेले. एक म्हातारी बुवांचा हात धरून म्हणाली, "बुवा, बाळ आलंच नाय?" "नाही आलं, आजी." "बरं," म्हातारी म्हणाली, आणि हात काही सोडेना. हाल्या लांबूनच हसला.

सगळ्यांत शेवटी मनोरमा आली. कण्हेरीची माळ तिच्या हातात तशीच होती, मध्यंतराला आणायची राहून गेलेली. ती वाकली नाही. माळ तिनं त्यांच्या मनगटाला गुंडाळली, सकाळी जिथे धरलं होतं तिथेच, आणि म्हणाली,

"चला. आधी जेवून घ्या."